उभ्या गाडीची बॅटरी उतरते: मीटर जोडावा, फ्यूज मोजावेत की क्लॅम्प लावावा?

गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की स्टार्टर नुसता कटकट करतो आणि बॅटरी बदलूनही तेच घडते, तेव्हा बंद गाडीत कुठेतरी वीज खर्ची पडत असते. शोध सुरू करण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करून ऋण टर्मिनल रात्रभर सोडून ठेवावे. जोडणी तोडलेली असतानाही व्होल्टेज १२.६ वरून बरेच खाली आले, तर दोष बॅटरीतच आहे.

घड्याळ, अलार्म आणि कंट्रोल युनिटची (गाडीतल्या छोट्या संगणकांची) मेमरी यांसाठी बहुतेक गाड्या बंद असतानाही २० ते ५० मिलिअँपिअर घेतातच. ५० मिलिअँपिअरच्या हिशेबाने दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन आठवड्यांत जवळपास निम्मी होते. डिकीतला ५ वॅटचा दिवा झाकण लावल्यावरही जळत राहिला, तर तो एकटाच ४०० मिलिअँपिअर ओढतो आणि चार दिवसांत बॅटरी झोपवतो.

सर्वांत परिचित पद्धत म्हणजे ऋण टर्मिनल सोडून केबल आणि बॅटरी यांच्या मध्ये मल्टिमीटर जोडणे. एकूण प्रवाहाचा नेमका आकडा हिच्याइतका स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही. मात्र मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर असला पाहिजे, आणि तो जोडलेला असताना कोणी सवयीने किल्ली फिरवली तर मीटरचा फ्यूज उडालाच म्हणून समजावे. दुसरी अडचण अधिक छुपी आहे: टर्मिनल सोडताच सगळी युनिट्स रीसेट होतात, आणि गाडी बंद केल्यावरही झोपी न गेलेल्या, म्हणजे काम करतच राहिलेल्या एखाद्या युनिटमुळे वीज जात असेल तर तो दोष त्या क्षणी नाहीसाही होतो. पुढे एकेक फ्यूज उपसत जाण्याचा जो प्रघात गॅरेजमध्ये दिसतो, तो जुन्या साध्या गाड्यांत चालून जात असे. आजच्या गाडीत फ्यूज परत बसवला की ते युनिट जागे होते आणि प्रवाह पुन्हा खाली येण्याची वाट पाहत बसावे लागते.

म्हणून घरी शोध घेणाऱ्याने फ्यूजवरचे व्होल्टेज मोजण्याची पद्धत आधी वापरावी, असे माझे मत आहे. फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात. मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही टोके त्यांवर टेकवायची. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजचा रोध साधारण साडेसात मिलिओहम असल्याने ०.१ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे १३ मिलिअँपिअर होतात. इतर क्षमतांच्या फ्यूजसाठी तयार तक्ते मिळतात. यात काहीच सोडावे वा उपसावे लागत नाही. माझ्या गाडीत बाकीचे फ्यूज शून्य दाखवत असताना केबिनच्या दिव्याचा फ्यूज ०.९ मिलिव्होल्ट दाखवत होता, म्हणजे सुमारे १२० मिलिअँपिअर. नंतर बसवलेल्या म्युझिक सिस्टिमची इग्निशनची तार फिटरने कायम चालू असलेल्या तारेलाच पिळून टाकली होती.

क्लॅम्प मीटर, म्हणजे तार न सोडता तिच्याभोवती जबडा लावून प्रवाह मोजणारा मीटर, सर्वांत सोयीचा आणि सर्वांत महाग. बाजारातले बरेच स्वस्त क्लॅम्प केवळ एसी मोजतात, आणि डीसी मोजणाऱ्यांतही १० मिलिअँपिअरचा फरक ओळखणाराच येथे कामाचा. बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या सर्व तारा त्याच्या जबड्यात आल्या पाहिजेत आणि प्रत्येक वेळी शून्य जुळवून घेतले पाहिजे. एकाच गाडीसाठी तो विकत घेऊ नये. तरीही फ्यूज मोजून काहीच सापडले नाही तर त्याची उणीव भासते, कारण अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) डायोड खराब झाला असेल तर तो प्रवाह जाड केबलमधून थेट वाहतो आणि केबिनमधल्या फ्यूजबॉक्सात दिसत नाही. क्लॅम्प नसल्यास अशा वेळी बॅटरी सोडून अल्टरनेटरची केबल काढावी, तिचे टोक टेपने गुंडाळावे आणि बॅटरी पुन्हा जोडून, केबल आणि बॅटरी यांच्या मध्ये लावलेल्या मीटरवर आकडा उतरतो का ते पाहावे.

कोणतीही पद्धत निवडली तरी बॉनेट उघडे ठेवून, उघड्या दाराचे कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून (म्हणजे गाडीला दार बंद वाटेल) आणि रिमोटची किल्ली घरात ठेवून, युनिट्स झोपी जाण्यासाठी अर्धा तास थांबावे. काही गाड्यांना पूर्ण तास लागतो. मोजणी करताना दार हलवावे लागू नये म्हणून फ्यूजबॉक्सचे झाकण आधीच काढून ठेवावे.