वाडी घ्यावी का? मोखाड्यातून सांगते

पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात आमची एक एकर वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन आहे. तिच्यात नाचणी-वरई व्हायची आणि दिवाळी झाली की अख्खं घर भिवंडीकडे वीटभट्टीवर. आता तिथे वाडी, म्हणजे आंबा-काजूची बाग उभी आहे. ती घ्यावी का, असं पुष्कळ जणी विचारतात, म्हणून लिहिते.

वाडी ही बायफ या ग्रामविकास संस्थेने १९८२ साली दक्षिण गुजरातेत, वांसद्याकडे सुरू केलेली पद्धत. पुढे नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या बँकेच्या आदिवासी विकास निधीतून ती बऱ्याच राज्यांत गेली. एकरभर रानात आंबा-काजूची कलमं, मधल्या जागेत नेहमीची पिकं, बांधाला जंगली झाडं. आम्हाला एका संस्थेमार्फत केसर आंबा, वेंगुर्ला काजू, साग, बांबू आणि गिरीपुष्प मिळालं.

कलमं उत्तम होती. पण लावल्यावर त्यांच्याकडे बघत राहावं लागतं. कलमाच्या जोडाखालून, म्हणजे मूळ रोपाला फुटवा आला की लगेच नखाने खुडायचा. राहिला तर तोच जोमाने वाढतो, केसर मरतो आणि रायवळ उरतो. पहिली तीन वर्षं मोहोरसुद्धा काढून टाकायचा. सासूबाईंना ते फार जिवावर आलं होतं. पण त्यामुळेच झाडं आज भरदार आहेत.

फळ येईपर्यंत खायचं काय? नाचणी, उडीद सुरूच राहतात, आणि मोगरा लावा. आमचं घर त्या वर्षांत मोगऱ्यानेच सांभाळलं. पहाटे कळ्या खुडल्या की माल दादरला जातो, लग्नसराईत भावही बरा मिळतो.

वाडीचा खरा फायदा पैसा कधी येतो यात आहे. आमच्याकडे आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होते आणि नेमका तेव्हाच भट्टीचा मुकादम उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे घेऊन दारात येतो. ती घेतली की दिवाळीनंतर भट्टी ठरलेली, पोरांची शाळा बुडालेली. आता उन्हाळ्यात मोगरा, काजू आणि पावसाच्या तोंडावर आंबा असा पैसा हातात असतो, त्यामुळे आम्ही उचल घेत नाही. पोरं वर्षभर शाळेत जातात. माझ्यासाठी यापुढे बाकीचे हिशोब दुय्यम आहेत.

बांधाचाही उपयोग होतो. राब भाजायला, म्हणजे रोपांची जागा पेरणीआधी जाळून घ्यायला, डोंगरातून फांद्यांचे भारे आणावे लागायचे, ते कमी झालं. गिरीपुष्पाचा पाला चिखलणीत गाडतो, बांबू घराला होतो.

आता तक्रार. पाण्याची सोय संस्थेने कच्ची ठेवली. झाडाशेजारी मडकी पुरून दिली, पण ती भरायला पहिले उन्हाळे बायकांनीच डोक्यावरून पाणी वाहिलं. आधी पाणी, मग कलमं, असा क्रम हवा होता. आणि आंबा सगळ्यांचा एकदमच उतरतो. एकटीने विकायला गेलात तर व्यापारी सांगेल तो भाव. आमच्या पाड्यावरच्या बायका आता गटाने पेट्या भरतात, तेव्हा जरा बोलता येतं.

माझ्याकडून पाचपैकी चार. पण जमीन नावावर नसेल तर आधी वनपट्ट्याचं, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काचं काम पुढे सरकवा. दुसऱ्याच्या जमिनीत आंबा लावू नका. खड्डे एप्रिल-मेमध्येच मीटरभर खोल खणून तापू द्यावे लागतात, तेव्हा होळीच्या आतच संस्थेच्या बैठकीत नाव द्या, आणि त्याच बैठकीत विचारा: पहिल्या उन्हाळ्यात पाणी कुठून येणार?