पोलादी की पितळी: काडतुसाची कोणती पुंगळी पुन्हा भरावी?

सोलापुरातील ज्या नेमबाजांना सेंटरफायर रायफलीचा (जिच्या काडतुसाला तळाच्या मधोमध घाव बसून बार होतो) नियमित सराव करायचा असतो, त्यांच्यापुढे काडतुसांच्या खर्चाचा प्रश्न असतोच, आणि रिकाम्या पुंगळ्या जपून त्या दारू आणि गोळी घालून पुन्हा भराव्यात का, हा विचार ओघानेच येतो. मात्र शस्त्र अधिनियम, 1959 नुसार काडतुसे तयार करण्यासाठी वेगळा परवाना लागतो. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतुसे भरण्याची मुभा नव्हे. म्हणून शहरात राहणाऱ्यांनी पोलीस आयुक्तालयात आणि बार्शी, करमाळ्यासारख्या तालुक्यांतील परवानाधारकांनी जिल्हाधिकारी कार्यालयात आधी लेखी विचारणा करावी. .22 रिमफायरची पुंगळी तर या विचारातून बादच करावी, कारण तिचे स्फोटक काठातच भरलेले असते आणि तो काठ एकदा ठेचला गेला की ती निकामी होते.

पितळी पुंगळीत सुमारे 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असते. बार झाला की ती फुगून चेंबरच्या, म्हणजे रायफलीत काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट बसते, मागे येऊ पाहणारा वायू अडवते आणि दाब ओसरताच आकसून सहज बाहेर येते. पोलाद पितळेच्या जवळपास दुप्पट ताठर असल्यामुळे तितके आकसत नाही, म्हणून ते चेंबरमध्ये अडकण्याचा संभव अधिक. शिवाय वारंवार वापराने कडक झालेले पितळेचे तोंड तापवून पुन्हा मऊ करता येते. पोलादाला त्यासाठी फार जास्त तापमान लागते आणि गंजापासून वाचवणारा लॅकरचा किंवा पॉलिमरचा थर त्यात जळून जातो. सोलापूरची हवा कोकणासारखी दमट नाही हे खरे, पण पुंगळीला पुन्हा मूळ आकार देणाऱ्या साच्यातून, म्हणजे डायमधून, जाताना हा थर खरवडला गेला, तर गंज चढायला एक पावसाळा पुरेसा आहे.

प्रायमरची, म्हणजे तळाशी बसवलेल्या आणि दारू पेटवणाऱ्या छोट्या टोपीची, अडचण याहून मोठी आहे. पुंगळीच्या तोंडातून बॅटरीचा प्रकाश आत पाडून पाहावे: तळाशी मधोमध एकच छिद्र दिसले तर ती बॉक्सर पद्धतीची, दोन बारीक छिद्रे दिसली तर बर्डन पद्धतीची. बहुतेक पोलादी पुंगळ्या बर्डन असतात आणि नेहमीच्या डायच्या सुईने त्यांचा जुना प्रायमर निघत नाही. जोर लावला तर सुईच मोडते.

अपवाद आहेत. दुसऱ्या महायुद्धात तांब्याच्या टंचाईमुळे अमेरिकेत .45 एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाच्या बॉक्सर पद्धतीच्या पोलादी पुंगळ्या मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या आणि पुढे काहींनी त्या पुन्हा भरल्याही. परंतु त्या काडतुसाचा कमाल दाब चौरस इंचाला 21,000 पौंड, तर रायफलीच्या .308 विंचेस्टर काडतुसाचा 62,000 पौंड आहे, त्यामुळे पिस्तुलाचा अनुभव रायफलीला लावणे मला धोक्याचे वाटते. पितळ निदान इशारा देते: तळापासून किंचित वर चकाकणारी वर्तुळाकार रेघ उमटते, आणि आतून वाकडी तार फिरवली की तिचे टोक त्याच जागी खाचेत अडते. अशी पुंगळी तत्काळ बाजूला काढावी, कारण पुढच्या बाराला ती तिथेच तुटू शकते आणि तप्त वायू नेमबाजाच्या डोळ्यांकडे येऊ शकतो.

रायफलीसाठी माझा कौल निःसंशय पितळेला आहे, आणि परवान्याची वा साधनांची सोय नसेल तर कारखान्यातून आलेल्या नव्या काडतुसांना. मिश्र ढीग हाती आला तर रंगावर विसंबू नये: पोलादावर पितळेचा मुलामा असू शकतो आणि पितळेवर निकेलचा. चुंबक लावून पाहावे. जी पुंगळी चिकटेल ती भरू नये.