माती लोटण्याआधी खड्डा मोजा: बुंधा काढण्याच्या कामात झालेली आमची फसवणूक

भिंतीला रंग कच्चा दिला तर तो दिसतो, फरशी वाकडी बसवली तर पायाला कळतं. कापलेल्या झाडाचा बुंधा मशीननं दळून त्याचा भुसा करण्याचं काम मात्र संपतं तेव्हा त्यावर माती ओढलेली असते. आमची फसवणूक त्या मातीखालीच झाली. ज्यांच्या अंगणात कापलेल्या झाडाचा बुडखा उभा आहे आणि जे आता मशीनवाला शोधत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्या माणसाचं नाव देत नाही, पद्धत सांगते.

वादळात आमचा जुना कडुनिंब मोडला. वरचं झाड कापून नेलं, बुंधा जमिनीच्या वर आठेक इंच राहिला. त्याच जागी नवं रोप लावायचं होतं. मशीनवाला आला, बघून गेला आणि म्हणाला, “ताई, मुळासकट साफ करून देतो, पुन्हा नाव निघणार नाही.”

दर ठरला तो व्यासाच्या इंचावर. त्यानं टेप बुंध्याभोवती गुंडाळली आणि वहीत ७५ इंच लिहिले. हा तर घेर! व्यास काढायचा तर घेराला ३.१४ ने भागावं लागतं, म्हणजे जेमतेम २४ इंच. मी तिथंच हरकत घेतली. “आमच्यात असंच मोजतात,” असं म्हणत तो शेवटी २४ वर आला. या धंद्यात व्यास जमिनीलगत, बुंधा सगळ्यात रुंद असेल तिथं मोजतात आणि ते रास्त आहे, कारण मुळं फुटतात तिथला पसाराही मशीनला खावा लागतो. पण टेप आडवी धरायची असते, गोल गुंडाळायची नसते.

कागदावर लिहून घेतलं होतं, ‘१२ इंच खोल’. खरा डाव या तीन शब्दांत होता.

मशीनचं काम समजून घ्या, म्हणजे डाव कळेल. पुढं एक जड चाक असतं, त्याला कार्बाइडच्या, म्हणजे अतिशय कठीण पदार्थाच्या, टोकांचे दाते. चाक बुंध्यावर डावीकडून उजवीकडे फिरतं, थोडं लाकूड खरवडतं, मग खाली उतरतं, पुन्हा फिरतं. चाकाखाली येईल तेवढंच दळलं जातं. लांबवर पसरलेली मुळं जमिनीतच राहतात आणि हळूहळू कुजतात. म्हणजे ‘मुळासकट काढतो’ हे वाक्य या मशीनच्या बाबतीत कधीच खरं नसतं. मुळं खरोखर काढायची तर खोदकाम करावं लागतं. जिथं बांधकाम करायचं आहे तिथं तेच करायला हवं, कारण कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या पुढं खचतात.

काम सुरू झालं तेव्हा आम्हाला लांब उभं केलं. ते बरोबरच आहे, चाक दगड जोरात उडवतं. जमिनीखालून पाण्याचा पाइप, विजेची केबल किंवा गॅसची लाइन जाते का, हे मात्र त्यानं विचारलंच नाही, आम्हीच दाखवलं. मशीन थांबलं न थांबलं तोच त्याच्या मदतनीसानं फावड्यानं भुसा आणि माती लोटून जागा सपाट केली, वरून तुडवली. मी खड्डा बघायला पुढं झाले, तर उत्तर मिळालं, “आत ठेवलेल्या भुशाचं खतच होतं, ताई.” भुसा उचलून नेण्याचं आधी ठरलं होतं. वर आणखी दोन रकमा बिलात चढल्या. एक, मुळांमध्ये दगड लागून दाते तुटले म्हणून. दुसरी, मुळं मारायच्या औषधाची. लेबल नसलेल्या कॅनमधून त्यानं ते भुशावर ओतलं होतं.

रोपासाठी खड्डा घ्यायला लागलो आणि पहार चार इंचांवर लाकडावर आदळली. माती बाजूला केली. मधोमध सपाट दळलेला बुंधा, आणि कडांना मुळं फुटतात तिथले जाड फाटे तर तसेच, चाक तिथवर गेलंच नव्हतं. फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “१२ इंचच दळलंय. बुंध्याच्या माथ्यापासून मोजा.” आठ इंच जमिनीच्या वरचे, चार खालचे. त्यानंतर त्यानं फोन उचलणं बंद केलं.

म्हणून कागदावर नुसते इंच लिहून घेऊ नका. ‘आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीपासून खाली इतके इंच, कडेच्या फाट्यांसह’ असं लिहून घ्या. नुसतं गवत लावायचं असेल तर सहा ते आठ इंच पुरतात, नवं झाड लावायचं तर १२ किंवा जास्त. नवं झाड थोडं बाजूला सरकवून लावता आलं तर फारच चांगलं.

औषधाचा मला जास्त राग आहे, कारण ते निव्वळ ओतण्याचं नाटक होतं. मुळं मारणारं औषध नुकत्याच कापलेल्या जिवंत लाकडावर, सालीच्या लगेच आतल्या कड्यावर लावायचं असतं. दळलेल्या कोरड्या भुशावर ओतून ते मुळांपर्यंत पोचत नाही. कडुनिंब, सुबाभूळ अशी झाडं कापल्यावर पुन्हा जोमानं फुटतात. आमच्याकडेही उरलेल्या कडांवर फुटवे आले. उलट नारळाला शेंड्याशिवाय वाढीची जागाच नसते, कापलेला नारळ बुंध्यातून फुटत नाही. तिथंही कोणी औषधाचे पैसे मागितले तर ती सरळ लूट आहे.

राहिला भुसा. दळल्यावर तो मूळ बुंध्यापेक्षा बराच जास्त दिसतो. खड्ड्यात दाबला की कुजून बसतो आणि जागा खचते. मातीत मिसळला तर कुजताना तिथला नत्र ओढून घेतो, रोपं पिवळी पडतात. आच्छादन म्हणून वर पसरला तर उपयोगाचा आहे. खड्डा मात्र मातीनंच भरायला हवा.

पुढं दुसऱ्या माणसाकडून काम पुन्हा करून घेतलं. त्याला आधीच सांगितलं होतं की भुसा उपसून खड्डा उघडा ठेवायचा, आम्ही मोजणार, कडांना पहार लावून बघणार, आणि उरलेले पैसे त्यानंतर. त्यानं काहीही कुरकुर केली नाही. दाते झिजणं, तुटणं हा त्याच्या दरातलाच खर्च आहे, असं तोच आपणहून म्हणाला.

पहिल्याच्या फोनमध्ये कामाचे भरपूर फोटो होते. सगळे जागा सपाट केल्यानंतरचे. तुम्हाला कोणी असे फोटो दाखवले तर उघड्या खड्ड्यात टेप उभी धरलेला फोटो मागा. तो नसेल तर निदान काही महिन्यांपूर्वी केलेल्या कामाचा पत्ता घ्या आणि तिथल्या लोकांना विचारा, जागा खचली का, फुटवे आले का.