मुख्यमंत्र्यांची यादी का विधानसभानिहाय तक्ता? राज्याच्या सत्तेच्या नोट्स काढणाऱ्यांसाठी

सोलापुरात अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेसाठी बसणारी पोरं मला हे नेहमी विचारतात, की १९६० पासून राज्यात कुणाची सत्ता कधी होती हे डोक्यात बसवायचं तर मुख्यमंत्र्यांची यादी पाठ करायची का विधानसभेच्या टर्मनुसार तक्ता करायचा. मी दोन्ही केलंय, दोन्हीवरनं शिकवलंय पण, म्हणून जे जाणवलं ते लिहितो. नावं आणि ढोबळ तारखा तुम्हाला येतात असं धरून चालतो.

यादीचा मोठा फायदा म्हणजे ती पटकन पाठ होते. यशवंतराव, कन्नमवार, मधे सावंतांचे थोडे दिवस, मग वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ सलग, हे एकदा बसलं की विसरत नाही. 'अमुक साली मुख्यमंत्री कोण' असा प्रश्न आला तर यादीवाला पाच सेकंदात उत्तर देतो, तक्तेवाल्याला थोडा विचार करावा लागतो. आणि आपले सुशीलकुमार शिंदे त्या यादीत आहेत, १८ जानेवारी २००३ चा शपथविधी सोलापूरच्या पोरांना वेगळा पाठ करायला लागत नाही.

आता अडचण. यादीत माणूस बदलला की सत्ताच बदलल्यासारखी वाटते. १९८० ते १९९५ बघा, अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण, शरद पवार, सुधाकरराव नाईक, सात माणसं, त्यातले पवार तर मधे जाऊन परत आलेले, पण सरकार सगळा वेळ काँग्रेसचंच. तक्त्यात हाच काळ १९८०, १९८५, १९९० अशा तीन ओळीत मावतो आणि तिन्हीपुढे एकच पक्ष दिसतो.

पण एवढ्यावर मी यादी सोडली नसती. मला खरा त्रास झाला तो त्या 'पक्ष' नावाच्या कॉलमचा. त्यात एकच नाव मावतं, मुख्यमंत्र्याच्या पक्षाचं. १९९९ ते २०१४ सरळ 'काँग्रेस, काँग्रेस, काँग्रेस' असं खाली उतरत जातं आणि नवीन पोरांना वाटतं पंधरा वर्षं काँग्रेसचं एकट्याचं राज्य होतं. एका मुलीनं मला विचारलं होतं, सर, विजयसिंह मोहिते पाटील काँग्रेसचे उपमुख्यमंत्री होते ना? तिची काय चूक, ती ज्या यादीवरनं शिकत होती त्यात राष्ट्रवादी कुठं दिसतच नव्हती. डिसेंबर २००३ पासून २००४ च्या निवडणुकीपर्यंत मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री दोघं आपल्याच जिल्ह्यातले होते, एक काँग्रेसचे, एक राष्ट्रवादीचे, आणि हेच जर आपल्या पोरांना कळणार नसेल तर त्या नोट्स काय कामाच्या? सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचं पण तसंच. ते शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे. शेकापचा मुख्यमंत्री कधी झाला नाही म्हणून यादीत शेकाप नाहीच, पण १९७८ च्या पुलोद (पवारांची पुरोगामी लोकशाही दल ही आघाडी) सरकारात आणि परत १९९९ ला ते मंत्री होते. १९७८ ला स्वतः पवारांपुढे कुठला पक्ष लिहायचा यावरच याद्यांचं एकमत नाही, कुणी काँग्रेस लिहितं, कुणी समाजवादी काँग्रेस, कुणी सरळ पुलोद.

तक्त्यात टर्मच्या ओळीखाली सरकारांच्या छोट्या ओळी घालता येतात आणि प्रत्येकीत सगळे भागीदार लिहिता येतात. फक्त बाजारात मिळणाऱ्या तयार तक्त्यांपासून जरा सांभाळून, काहींमधे नुसता सगळ्यात मोठा पक्ष दिलेला असतो आणि त्यानं उलटाच घोळ होतो. १९७८ ला सगळ्यात जास्त ९९ जागा जनता पक्षाच्या, पण पुलोदच्या आधीचं, निवडणुकीनंतरचं पहिलं सरकार बनवलं फुटलेल्या दोन्ही काँग्रेसनी मिळून. १९९५ ला काँग्रेस ८०, शिवसेना ७३, भाजप ६५, आणि सरकार युतीचं, अपक्षांच्या टेकूवर. २००४ ला राष्ट्रवादी ७१, काँग्रेस ६९, तरी मुख्यमंत्री काँग्रेसचा. त्यामुळे मोठा पक्ष आणि सत्तेतले पक्ष असे दोन कॉलम वेगळे ठेवा.

तक्त्याला पण कटकटी आहेत, नाही म्हणत नाही. पहिलीच ओळ विचित्र, कारण १९६० च्या सभागृहातले आमदार १९५७ ला द्विभाषिक मुंबई राज्यात निवडून आलेले. आणि २०१९ ची ओळ तर फुगतच जाते, आधी राष्ट्रपती राजवट, २३ नोव्हेंबरला फडणवीस-अजित पवार, २८ ला उद्धव ठाकरेंची महाविकास आघाडी, ३० जून २०२२ ला एकनाथ शिंदे, २ जुलै २०२३ ला अजित पवार गट आत. लिहिताना हात दुखतो. पण यादीत इथं काय दिसतं? ठाकरे, शिवसेना आणि खाली शिंदे, शिवसेना. एवढी मोठी उलथापालथ आणि पक्षाच्या कॉलममधे काहीच हललं नाही.

अजून एक, तक्ता केला की वर्षांमधलं अंतर डोळ्यात भरतं. १९७२ नंतर एकदम १९७८ का? कारण ४२ व्या घटनादुरुस्तीनं मुदत सहा वर्षं केलेली. १९७८ नंतर लगेच १९८० का? कारण इंदिरा गांधी दिल्लीत परत आल्या आणि फेब्रुवारीत पवारांचं सरकार बरखास्त झालं. मुख्य परीक्षेला हेच लिहायचं असतं, आणि माझ्याकडची तक्तेवाली पोरं हे न सांगता लिहितात.

तुमची पद्धत तुम्हाला माहीत, ज्याची पूर्व परीक्षा तोंडावर आलीय त्यानं यादीच धरावी, आत्ता बदलायच्या फंदात पडू नये. हातात दोन-तीन महिने असतील तर मात्र मी तक्ताच सांगेन, आणि सुरुवात १९६० पासून न करता १९७८ च्या ओळीपासून करा, ती एक ओळ नीट भरता आली की बाकीच्या सोप्या जातात, मग यादी वेगळी पाठ करायची गरज पण फारशी उरत नाही.