‘इपॉक्सी मारलंय साहेब’

जुनी गाडी पूर्ण सुटी करून पुन्हा बांधायला काढली असेल आणि पत्र्याचं काम बाहेर दिलं असेल, तर हे रंग चढण्याआधी वाचा. रंग चढल्यावर वाचाल तर नुसता मनस्ताप होईल.

माझ्या गाडीचा सांगाडा, दरवाजे, बॉनेट, डिकी आणि नटबोल्टांचे डबे एका वर्कशॉपकडे दिले होते. ठरलं होतं ते असं: सगळा पत्रा सँडब्लास्ट करून (वाळूसारख्या कणांच्या जोरदार माऱ्याने जुना रंग आणि गंज उडवून) उघडा करायचा, त्याच दिवशी टू-पॅक इपॉक्सी प्रायमर (हार्डनर मिसळून वापरायचा, गंज रोखणारा पहिला थर) मारायचा, नटबोल्ट आणि बिजागऱ्या झिंक प्लेटिंगला (जस्ताचा पातळ मुलामा द्यायला) पाठवायच्या, आणि सिलच्या (दरवाजाखालच्या पोकळ पट्टीच्या) व चासीच्या बंद पोकळ्यांत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे आतून गंज रोखणारं मेण, सोडायचं. कोटेशन लेखी होतं, फोटो वेळेवर यायचे, मालक बोलायला गोड. शिवाय माणूस माहितगार. कुठल्या कामाला काय म्हणतात, ते का करतात, सगळं तोंडपाठ. बिलात प्रत्येक कामाचं नाव बरोबर होतं, प्रत्यक्षात काम मात्र दुसरंच.

या कामात फसवणं फार सोपं आहे, कारण प्रत्येक थर आधीचा थर झाकतो. पत्रा खरंच उघडा केला का, हे प्रायमर मारल्यावर कळत नाही. प्रायमर कुठला, हे रंगाखाली कळत नाही. आणि गंज वर यायला वेळ लागतो. तोवर पैसे चुकते झालेले असतात.

शंका आली ती फोटोवरून. माझ्या ड्रायव्हरच्या दरवाजाला पूर्वी कुणीतरी आरशासाठी भोकं पाडलेली होती, कडांना ओबडधोबड. ‘ब्लास्टिंग झालं’ म्हणून आलेल्या फोटोत पत्रा छान राखाडी, पण भोकंच नाहीत. विचारलं तर उत्तर आलं, “वेल्डिंग करून बुजवली.” बुजवली असती तर वेल्डचा डाग दिसला असता. ब्लास्टिंग उघडं पाडतं, लपवत नाही.

मग न सांगता गेलो, खिशात थिनरची बाटली आणि पांढरं फडकं घेऊन. दरवाजाच्या आतल्या बाजूला, खाली, जिथे ट्रिम बसते तिथे थिनरचं फडकं दाबून धरलं आणि घासलं. राखाडी थर फडक्यावर उतरला. त्याखाली तपकिरी, खवल्यांचा गंज, त्यावर ब्लास्टिंगचा एक कणही लागलेला नाही. पूर्ण वाळलेला टू-पॅक इपॉक्सी थिनरने असा सुटत नाही. सुटला, म्हणजे तो साधा एका डब्यातला प्रायमर.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. थिनरला टिकला म्हणजे इपॉक्सीच, असं नाही. टू-पॅक सरफेसरही (रंगाआधी घासून पत्रा सपाट करायचा थर) टिकतो, पण तो सच्छिद्र असतो, ओल शोषून घेतो; नुसत्या सरफेसरवर पार्ट बरेच दिवस पडून राहिले की खालून गंज सुरू होतो. म्हणजे ही चाचणी खोटं पकडते, खरं सिद्ध करत नाही. खरं कळायला डबे बघावे लागतात: प्रायमर, त्याचाच हार्डनर, मिश्रणाचं प्रमाण. मी डबे मागितले तेव्हा “कालच संपले, टाकून दिले” असं ऐकायला मिळालं.

बॉनेटचं प्रकरण वेगळं. बॉनेट खरंच ब्लास्ट केलं होतं. पण थर काढला तेव्हा पत्र्यावर पंजा उमटलेला दिसला, पाचही बोटं, तपकिरी, अगदी स्पष्ट. ब्लास्ट केलेलं लोखंड म्हणजे सोललेली कातडी. दमट हवेत काही तासांत त्यावर गंजाची झाक येते, आणि घामातलं मीठ लागलं तर जिथे हात लागला तिथेच. म्हणून हातमोजे घालून उचलायचं, आणि त्याच दिवशी, हवा कोरडी असताना प्रायमर मारायचा. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते त्याच्या) निदान 3 अंश वर असावं लागतं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारी ओल प्रायमरखाली कोंडली जाते. इथे बॉनेट कुणीतरी उघड्या हातांनी उचललं होतं, ते बरेच दिवस कोपऱ्यात पडून होतं, आणि मग पुसायचेही कष्ट न घेता वर फवारा मारला होता.

सिलच्या आतल्या कडांना ‘रस्ट कन्व्हर्टर’ लावल्याचं बिलात होतं. टॅनिक अ‍ॅसिडचा कन्व्हर्टर गंजाला भिडून त्याला निळसर-काळा करतो. माझ्याकडे काळेपणा सगळीकडे सारखा होता, शाबूत जुन्या रंगावर, आणि रबरी ग्रोमेटवरसुद्धा! रबराला कधी गंज चढतो? तो साधा काळा रंग होता. तसाही, खरा कन्व्हर्टर सुटे खवले खरवडून काढल्याशिवाय आतपर्यंत पोचत नाही, आणि दोन पत्र्यांच्या जोडात तर जवळजवळ नाहीच.

वॅक्ससाठी पोकळीत छोटा कॅमेरा घातला. भोकाच्या तोंडाशी बोटभर वॅक्स, पुढे कोरडा गंजका पत्रा. लांब नळीचा फवारणी नोझल वापरलाच नव्हता, बघणाऱ्याला दिसेल एवढंच लावलेलं. वर दरवाजांच्या खालच्या कडेला डांबरी अंडरकोट इतका थापला होता की पाणी निघायची भोकं बुजून गेली. दरवाजात मग्गाभर पाणी ओतलं तर ते खाली आलंच नाही. पाणी असं आत साचलं की बाहेरून कितीही रंग मारा, पत्रा आतून गंजत जातो.

सगळ्यात संताप आला तो नटबोल्टांचा. नटबोल्ट चमकत होते खरे. झिंक प्लेटिंगचा थर काही मायक्रॉनचा असतो, नट हाताने फिरतो. इथे नट दोन आट्यांवर अडकला, आणि नख मारल्यावर आट्यांतून चंदेरी रंगाची साल निघाली. ही फसवणूक पैशांची, ठीक. पण रंगाआधी गंज काढायला ते सगळे अ‍ॅसिडमध्ये बुडवले होते, त्यातले काही डोक्यावर 10.9 लिहिलेले, म्हणजे जास्त ताकदीच्या कडक पोलादाचे, सस्पेन्शनचे. कडक पोलादात अ‍ॅसिडमुळे हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट ठिसूळ होतो, तो ताण घेताना अचानक तुटतो. प्लेटिंग करणारे जाणकार असे बोल्ट प्लेटिंगनंतर 4 तासांच्या आत भट्टीत घालतात आणि साधारण 190 ते 220 अंश सेल्सिअसला कित्येक तास तापवतात. इथे भट्टी कसली नि काय. ते बोल्ट मी भंगारात टाकले. ब्रेक, स्टीअरिंग, सस्पेन्शनचा बोल्ट कुणी ‘अ‍ॅसिडने साफ करून देतो’ म्हणाला, तर त्याच्या हातात देऊ नका, नवा घ्या.

मालकाचं पहिलं उत्तर तयारच होतं: “जुनं लोखंड आहे साहेब, गंज येणारच.” मग पंज्याचा फोटो, कॅमेऱ्याचा व्हिडिओ आणि जाडी मोजणाऱ्या गेजचे आकडे समोर ठेवले. मागच्या मडगार्डवर, जिथे ‘पत्रा बदलला’ म्हणून बिल लावलं होतं, तिथे आकडा 1,000 मायक्रॉनच्या वर गेला. कारखान्यातून आलेल्या रंगाचा थर साधारण 100 ते 150 मायक्रॉनचा असतो. म्हणजे खाली नुसती लांबी, खड्डे भरायची पुट्टी. “फुकटात परत करून देतो,” म्हणाला. ज्याने एकदा गंजावर फवारा मारला तो दुसऱ्यांदा फुकटात काय करेल, हे कळत होतं. थोडे पैसे परत मिळाले, बाकीचे गेले.

आता काम टप्प्याटप्प्याने देतो. ब्लास्टिंगचे पैसे उघडा पत्रा समोर बघून, प्रायमरचे पैसे डबे आणि त्यांवरचे बॅच नंबर बघून. प्रत्येक पार्टवर, रंगाने झाकणार नाही अशा जागी, पंचने खूण मारतो आणि फोटोत ती खूण दिसली पाहिजे असं कोटेशनमध्येच लिहून घेतो. घरी पडून असलेले मशीन केलेले पार्ट तेल लावून व्हीसीआय पिशवीत (गंज रोखणारी वाफ सोडणाऱ्या) ठेवतो. वर्तमानपत्रात गुंडाळत नाही, कागद ओल धरतो. पातळ तेलाच्या स्प्रेवरही विसंबत नाही. तो पाणी हटवायला चांगला, पण त्याचा थर फार दिवस टिकत नाही.

सामान परत आणलं, पण डिकीच्या दोन बिजागऱ्या अजून त्याच्याकडेच आहेत. फोन केला की म्हणतो, “प्लेटिंगला गेल्यात.”