चावी लॉकमध्ये मोडली तर : गावदेवी मैदानाजवळची चावीची टपरी (पाचपैकी चार)

पाचवा तारा का कापला ते शेवटी सांगते, आधी काम कसं झालं ते.

माझं ठाण्यात पाचपाखाडीला पोळी-भाजी केंद्र आहे. श्रावणातल्या एका शनिवारी सकाळी सातला स्कूटरवरून जांभळी नाक्यावर भाजीला गेले. अळूच्या सहा जुड्या, चार किलो लाल भोपळा, भेंडी, गवार, मिरच्या-कोथिंबीर. एक पिशवी पायापाशी, एक हुकला, एक सीटवर. हँडल लॉक काढायला चावी फिरवली आणि मऊ पोळीचा घास मोडावा तशी ती मोडली. मूठ माझ्या हातात, पातं लॉकमध्ये. नखाने धरता येईल एवढंही टोक बाहेर नाही. त्यात हँडल डावीकडे अडकलेलं, म्हणजे गाडी ढकलत न्यायचीही सोय नाही.

जांभळी नाक्यावर सल्ल्यांना तोटा नसतो. एका पोराने मोबाइल स्टँडचं चुंबक आणलं. ते गाडीच्या स्क्रूला टिच्चून चिकटलं, चावीला ढिम्म नाही. माझी चावी डुप्लिकेट, पितळेची. पितळ चुंबकाला कशाला दाद देतंय? दुसऱ्याने फेव्हिक्विक सुचवलं, मुठीला लावायचं, तुकड्याला चिकटवायचं आणि ओढायचं. त्याला मी हात जोडले. एका रिक्षावाल्या दादाने मात्र मी नको म्हणेपर्यंत माझ्याच केसांतली पिन आत घातली आणि तुकडा अजून एक सूत आत ढकलला. भला माणूस, पण पिन वाकडी करून परत दिली.

गाडी सर्व्हिसिंगला देते तिथे फोन केला. ‘पूर्ण लॉकसेट बदलावा लागेल मॅडम.’ म्हणजे इग्निशन, सीट, पेट्रोलचं झाकण, सगळं. पार्ट सोमवारी मागवणार, गाडी टेम्पोत घालून मीच आणायची, खर्च अडीच हजारांच्या पुढे. एका चावीच्या तुकड्यासाठी! मी फोन ठेवला. सून रिक्षाने येऊन भाजी घेऊन गेली आणि अळूवाल्या मावशींनी चावीवाल्या भाऊंचा नंबर दिला.

टपरीला नाव नाही. गावदेवी मैदानाकडून गोखले रोडकडे जाताना पत्र्याची हातभर लांब चावी टांगलेली दिसते, तीच पाटी. भाऊ साठीच्या आसपासचे, बरोबर भाचा.

आल्या आल्या म्हणाले, ‘ताई, आरसी दाखवा.’ क्षणभर राग आला. इथे तासभर ताटकळत उभी आहे ती चोर असेल का? पण डिजिलॉकर उघडून दाखवली आणि लगेच बरंही वाटलं. कागद न बघता कोणाच्याही गाडीची चावी करून देणारा माणूस माझ्याही गाडीची दुसऱ्याला करून देईल. दुसरा प्रश्न, ‘आत कोणी काय काय घातलं?’ पिनेचं सांगितल्यावर मान हलवून हसले.

मला वाटलं आता पक्कड काढतील. त्यांनी बराच वेळ काही ओढलंच नाही. टॉर्च लावून आत बघत बसले आणि बघता बघता समजावून सांगितलं. लॉकच्या आत पातळ पट्ट्या एकामागे एक बसवलेल्या असतात, प्रत्येकीला स्प्रिंग. चावीच्या खाचा त्या सगळ्या पट्ट्या नेमक्या एका पातळीत आणतात, तेव्हाच आतला गोल फिरतो. एकदा फिरला की पट्ट्यांना हलायला जागा उरत नाही आणि त्या चावीचे दात धरून बसतात. चालू गाडीतून चावी निघत नाही ती याचमुळे. माझी चावी लॉक आणि ऑफ यांच्या अधेमधे मोडली होती. अशा वेळी दिवसभर ओढत बसलं तरी तुकडा येत नाही. उलट पट्ट्या वाकतात, आणि मग खरोखरच लॉक बदलावं लागतं.

म्हणून आधी एका बारीक स्क्रू ड्रायव्हरने, आत शिल्लक तुकड्यावरच टेकवून, गोल हळूहळू ऑफपर्यंत आणला. टक् असा आवाज आला आणि हँडल सुटलं. मग स्प्रे मारला. मग खिशातून दोन पात्या निघाल्या, हेक्सॉ ब्लेड घासून सुईसारख्या बारीक केलेल्या, टोकाला उलटे दात ठेवलेले. एक तुकड्याच्या एका अंगाने, दुसरी दुसऱ्या अंगाने आत सारायची, किंचित पिळायची, दात खाचेत रुतले की ओढायचं. दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा तुकडा अर्धा बाहेर आला आणि मग चिमट्याने अलगद. श्रावणात आठवू नये, पण घशात अडकलेला माशाचा काटा निघाल्यावर वाटतं तसं वाटलं. हात लावल्यापासून बारा मिनिटं.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. त्यांनी दोन्ही तुकडे उन्हात धरले. मोडलेल्या जागी निम्मा भाग काळपट होता, निम्मा लखलखीत पिवळा. ‘चमकतंय ते आज तुटलंय. काळं आहे ते कधीचंच तडकलंय, त्यात पाणी जात होतं.’ मग मुठीजवळचा बाक बघून विचारलं, ‘चावीने डबे उघडता का?’

उघडते! तेलाच्या डब्याचं झाकण मी वर्षानुवर्षं स्कूटरच्या चावीनेच उचकटते. घरात सुनेलाही ठाऊक नव्हतं ते ह्यांनी चावी बघून सांगितलं. शिवाय जुडग्यात दुकानाच्या शटरच्या दोन, घराच्या तीन आणि एक पितळी गणपती. गाडी चालताना ते सगळं वजन चावीच्या मानेवर लोंबकळतं. शटरच्या चाव्या आता वेगळ्या ठेवल्यात. गणपती काढवत नाही, तो आहे.

लॉकमधून काळा चिकट गाळही निघाला. दर पावसाळ्यात मी आत खोबरेल तेल सोडायचे, गंजू नये म्हणून. तेलावर धूळ बसून त्याचाच लगदा होतो. कोरडं ग्राफाइट चांगलं, म्हणजे पेन्सिलचं शिसं. चावीवर पेन्सिल घासायची आणि चावी दोन-चार वेळा आतबाहेर करायची, झालं.

नवी चावी भाच्याने टपरीवर नेऊन दोन्ही तुकडे मशीनच्या पकडीत जोडून कापली. मात्र तुकडाच झिजलेला, त्याची नक्कल आणखी ढिली पडते. म्हणून भाऊंनी लॉकमध्ये घालून बघत दोन दात कानशीने हाताने जमवले. कंपनीची मूळ चावी जपून ठेवायची आणि नक्कल नेहमी तिच्यावरूनच करायची, हे ऐकून घ्यावं लागलं. माझी मूळ चावी 2019 साली घर बदलताना हरवली.

पैसे: तुकडा काढायचे 300, चावी 150, यायचे 50. बिल नाही, यूपीआय चालतं. घासाघीस केली नाही. खरं तर केली, पण ते ऐकले नाहीत.

कारवाल्यांसाठी एक. बऱ्याच गाड्यांच्या चावीच्या मुठीत चिप असते, नुसती कापलेली चावी आत फिरते पण इंजिन चालू होत नाही. भाऊ कारमधला मोडका तुकडा काढून देतात, चिपचं काम ‘माझं नाही’ म्हणून सरळ सांगतात.

आता तारा. नऊला येतो म्हणाले, दहा वाजून दहा मिनिटांनी आले. मध्ये तीन फोन केले, तिन्ही वेळा ‘निघालोच’. ज्याचं दुपारचं जेवण पन्नास माणसांच्या डब्यात जायचं असतं त्याला ‘निघालोच’ फार महागात पडतं. त्या दिवशी अळूचं फदफदं रद्द करून बटाट्याची भाजी द्यावी लागली आणि दोन गिऱ्हाइकांनी बोलून दाखवलं.

शिवाय नव्या चावीने इग्निशन लोण्यासारखं चालतं, पण सीटचं लॉक अडत होतं. सोमवारी टपरी बंद, म्हणून मंगळवारी गेले. त्यांनी सीटच्या लॉकमध्ये चावी हलवून बघितली, कानस दोनदा फिरवली, पैसे घेतले नाहीत. निघताना विचारलंच, ‘डब्याला चमचा घेतलात का ताई?’