आतली केबिन की मिनी-स्वीट? अलास्काच्या जहाजावरचा हिशेब

मुलगी सिअ‍ॅटलला राहते, त्यामुळे अलास्काची क्रूझ आमची दोनदा झाली. २०१८ साली आणि पुन्हा २०२४ साली. दोन्ही वेळा जून महिना, सात रात्री, सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परत. पहिल्यांदा खिडकीसुद्धा नसलेली आतली केबिन घेतली. दुसऱ्यांदा बाल्कनी, सोफा वगैरे असलेली मिनी-स्वीट. ती आम्हाला आतल्या केबिनच्या जवळजवळ दुप्पट पडली. जहाजं वेगळी होती, मधे सहा वर्षं गेली होती आणि हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणजे ही तुलना काही तराजूत घालून केलेली नाही. पण मुलांकडे अमेरिकेला निघालेले ओळखीपाळखीचे लोक हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

जेवण, नाटकगृह, डेक सगळ्यांना सारखंच, हे तुम्हाला माहीत असेलच. चौरस फुटांचे आकडेही जाहिरातीत मिळतील. फक्त तो आकडा बहुतेक वेळा बाल्कनी धरून दिलेला असतो, एवढं ध्यानात ठेवा. अलास्कात बाल्कनीत स्वेटर, कानटोपी घालून बसावं लागतं, त्यामुळे तेवढी जागा मी तरी खोलीत मोजत नाही.

आधी आतल्या केबिनची बाजू मांडतो, कारण तिच्याकडे लोक उगाच नाक मुरडतात.

जूनमध्ये अलास्काची राजधानी जुनो इथे सूर्य पहाटे चारच्या आधीच उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो. त्यानंतरही बराच वेळ संधिप्रकाश असतो. अशा ठिकाणी खिडकी नसलेली खोली ही गैरसोय नाही, सोय आहे. दिवा मालवला की डोळे उघडे काय, मिटलेले काय, एकच. दिवसभर वाऱ्यात उभं राहून आल्यावर अशा अंधारात जी झोप लागते तशी मला घरीही लागत नाही.

दुसरी गोष्ट हेलकाव्यांची. सिअ‍ॅटलहून सुटणारी जहाजं बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. व्हँकुव्हर शहरातून निघणाऱ्यांना बेट आणि किनारा यांच्यामधलं शांत पाणी मिळतं, आपल्याला पहिला दिवस-रात्र मोठ्या लाटा मिळतात. एसटीत शेवटच्या बाकावर बसलेल्याला जसा प्रत्येक खड्डा कळतो, तसं जहाजात वरच्या मजल्यावर, पुढच्या किंवा मागच्या टोकाला कळतं. आमची स्वस्त केबिन खालच्या डेकवर, बरोबर मधोमध होती. पेल्यातलं पाणीही फारसं हललं नाही. महागडी मिनी-स्वीट पुढच्या अंगाला आणि पाच मजले वर होती. तिथे पहिल्या रात्री कपाटाच्या दांडीवरचे हँगर टकटक करत राहिले, शेवटी मी ते काढून पलंगाखाली ठेवले. हिने आलेपाकाच्या वड्या संपवल्या. जास्त पैसे मोजून जास्त हललो, असा प्रकार.

तिसरी बाजू पैशाची. २०१८ साली जे वाचले त्यातून जुनोला देवमासे बघायची होडी आणि स्कॅगवे या बंदरावर व्हाइट पासची डोंगरी रेल्वे, दोन्ही झालं. ही रेल्वे सोन्याच्या शोधात निघालेल्यांच्या गर्दीमुळे १८९८ साली बांधायला घेतली आणि १९०० साली पुरी केली. वीस मैलांत जवळजवळ २,९०० फूट चढते. रूळ तीन फुटी, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा फूटभर रुंद. हिने तिकडचे कडे बघून "आपल्या नेरळची आठवण आली" म्हटलं तेव्हा डब्यातल्या कुणाला काही कळलं नाही, पण आम्हाला मजा वाटली. खोली मोठी घेतल्यामुळे ही गाडी सोडावी लागणार असेल तर मी सांगेन, खोली सोडा, गाडी धरा.

एवढं सगळं असताना दुसऱ्यांदा पैसे का घातले?

मी पहाटे साडेचारला उठतो. नोकरीतली सवय, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी गेली नाही. ही सातच्या आधी उठत नाही. घरी याचा कधी प्रश्न आला नाही. मी स्वयंपाकघरात जातो, चहा टाकतो, ओट्याजवळच्या खुर्चीवर बसतो. आयुष्यभर एकमेकांच्या झोपा न मोडता संसार झाला तो मधल्या एका भिंतीमुळे, हे मला अलास्काच्या वाटेवर कळलं.

त्यात जहाजाचं घड्याळ. अलास्काची वेळ सिअ‍ॅटलच्या एक तास मागे. जहाज उत्तरेला निघालं की घड्याळ मागे करतात, म्हणजे माझे साडेचार तिथे साडेतीन झाले. साडेतीनला मी टक्क जागा, आणि भोवती तो अंधार, ज्याची आत्ता एवढी तारीफ केली.

आता काय करणार? दिवा लावला तर तो हिच्या तोंडावर. मोबाइलचा उजेड केला तर भिंतीवरच्या आरशातून अख्खी खोली उजळते. चाचपडत बॅगेची चेन उघडली. बॅगेची चेन दिवसा कधी ऐकू येते का? पहाटे साडेतीनला ती ट्रॅक्टरसारखी वाजते. मग अंधारातून ठरलेला प्रश्न, "अहो, किती वाजले?" साडेतीन म्हणावं तर "मग झोपा ना". झोप येत नाही म्हणावं तर तिचीही गेली.

पहिल्या पहाटे मी बाथरूममध्ये जाऊन, कमोडचं झाकण पाडून, त्यावर पुस्तक वाचत बसलो. पंखा दिव्याबरोबरच सुरू होतो आणि बंद करता येत नाही. दुसऱ्या पहाटे कपडे करून बाहेर पडलो, तर केबिनचं दार जड. उघडलं की कॉरिडॉरमधल्या उजेडाची पट्टी नेमकी हिच्या उशीवर, आणि हातातून सुटलं की धाडकन बंद. वर बुफेच्या मजल्यावर गरम पाणी आणि कॉफीचं यंत्र चालू असतं, पण त्या वेळी खुर्च्या उलट्या घालून फरशी पुसणं चाललेलं. केबिनमध्ये किटली नसते, स्वतःची नेलेली चालत नाही. आगीच्या भीतीने तापणाऱ्या वस्तू काढून घेतात. चौथ्या दिवशी मी जिन्याच्या पायरीवर कागदी पेला घेऊन बसलो होतो आणि साफसफाई करणारा एक पोरगा मला अदबीने विचारून गेला, साहेब, खोली सापडत नाहीये का?

खोली सापडत होती हो. खोलीत बसायला जागा सापडत नव्हती.

खरं सांगायचं तर त्या जिन्यावरून उठून मी डेकवर गेलो म्हणूनच काही गोष्टी बघितल्या. पहाटे चारला दोन्ही बाजूंना काळे-हिरवे डोंगर, पाण्यावर धुकं आणि मोजून सहा माणसं, सगळी माझ्याच वयाची आणि बहुधा माझ्यासारखीच खोलीतून हाकललेली. बाल्कनी असती तर एकच बाजू दिसली असती. तरीसुद्धा पासष्टीनंतर सात पहाटे खोलीबाहेर काढाव्यात असं मला वाटत नाही. सातव्या दिवशी मी चिडचिडा झालो होतो, आणि ही माझ्यापेक्षा जास्त.

म्हणून २०२४ साली मुलीने मिनी-स्वीटचा आग्रह धरला तेव्हा मी फक्त एक विचारायला लावलं. पलंग आणि सोफा यांच्यामधे पडदा आहे का? बुकिंगवाल्या बाईंना प्रश्न विचित्र वाटला असावा, पण त्यांनी शोधून सांगितलं, आहे.

जाड कापडाचा, छताच्या पट्टीवरून सरकणारा पडदा. दवाखान्यात दोन खाटांमधे असतो तसा, फक्त रंग बरा. पलंग दाराच्या बाजूला, सोफा बाल्कनीच्या बाजूला. साडेतीनला उठायचं, पडदा ओढायचा, पलीकडे जाऊन दिवा लावायचा. थर्मासमध्ये रात्रीच भरून आणलेलं गरम पाणी, चहाची पुडी. बाल्कनीचा बाहेरचा पडदा हातभर बाजूला केला की केचिकन बंदराचे डोंगर. सात दिवसांत "अहो, किती वाजले?" हे वाक्य मी एकदाही ऐकलं नाही. दुप्पट पैसे दिले ते सोफ्याचे नव्हते आणि बाल्कनीचेही नव्हते, त्या कापडाचे होते, असं मी लोकांना सांगतो. लोक हसतात. हसू देत.

नुसत्या बाल्कनीने हे काम होत नाही, हेही सांगतो, कारण मधला पर्याय म्हणून बहुतेक जण तिथेच थांबतात. साध्या बाल्कनी-केबिनमध्ये पहाटे बाहेर बसायचं तर सरकतं काचेचं दार उघडावं लागतं. गार वारा शीळ घालत आत येतो, आणि त्याच वेळी कुणी कॉरिडॉरचं दार उघडलं तर खोलीतले कागद उडतात. पडदा सारला की चारचं ऊन थेट पलंगावर. माझ्या मेव्हण्याने ती घेतली होती. बायकोच्या धाकाने तोही पाच दिवस जिन्यावरच होता, असं त्याने उशिरा कबूल केलं. मात्र काही जहाजांवर साध्या बाल्कनी-केबिनमध्येही मधला पडदा असतो. तशी मिळाली तर माझ्या मते तीच सगळ्यांत शहाणी खरेदी, मिनी-स्वीटच्या मागे लागूच नका. फक्त पलंग दाराकडे आणि सोफा खिडकीकडे अशी मांडणी आहे ना, ते बघा. एकाच मजल्यावर एकाआड एक केबिनमध्ये ती उलटी असते. उलटी आली तर खिडकीपाशी जाण्यासाठी झोपलेल्या माणसाच्या पायांना वळसा घालावा लागेल, म्हणजे पुन्हा तेच.

मिनी-स्वीटचे तोटे नाहीत असं नाही. आमच्या बाथरूममध्ये टब होता. लोकांना ती चैन वाटते. हिच्या गुडघ्याला ती टबाची कड ओलांडणं म्हणजे रोजचा घाट. त्यात जहाज हलतंय, हात ओले. चौथ्या दिवसापासून मी बाहेर उभा राहून हात धरायचो. गुडघे, कंबर, चक्कर यांतलं काहीही असेल तर उभ्याने अंघोळीची, कड नसलेली जागा मागा. आतल्या केबिनची न्हाणी एवढीशी असते की शॉवरचा पडदा अंगाला चिकटतो, पण पाय उंच उचलावा लागत नाही. या एका बाबतीत स्वस्त खोली जिंकली.

आणि ग्लेशियर बेचा दिवस. त्या उपसागरात दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठी क्रूझ जहाजं सोडतात, त्यामुळे गर्दी अशी नसते. नॅशनल पार्कचे रेंजर वाटेत छोट्या बोटीतून येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून समजावून सांगतात. १७९४ साली जॉर्ज व्हँकुव्हर या ब्रिटिश दर्यावर्दीची मोहीम इथे आली तेव्हा हा उपसागर जवळजवळ नव्हताच, बर्फाची भिंत तोंडापाशीच होती. १८७९ साली निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर आले तोवर ती तीस मैलांहून जास्त आत सरकली होती. हे २०१८ साली मी पुढच्या उघड्या डेकवर उभा राहून नीट ऐकलं. २०२४ साली बाल्कनीत अर्धंच ऐकू येईना, म्हणून आत टीव्हीवर तेच लावून, आवाज मोठा करून, दार उघडं ठेवून बाहेर उभे राहिलो. एवढी मोठी खोली घेऊन समोरच्या बर्फाबद्दल टीव्हीवरून ऐकायचं! शेवटी मार्जरी हिमनदीपाशी आम्ही वरच गेलो. जहाज तिथे तासभर थांबतं आणि जागच्या जागी फिरतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बाल्कन्यांना पाळी मिळते. पण बर्फाचा कडा कोसळतो तेव्हा तो पाळी बघून कोसळत नाही. आमच्या बाजूला पाळी नसताना कोसळला. तोफेसारखा आवाज ऐकू आला, तो डेकवर होतो म्हणून बघायलाही मिळाला.

तर माझा कल कुठे आहे ते दिसलंच असेल. तुमची दोघांची उठायची वेळ एक असेल तर डोळे झाकून आतली केबिन घ्या, खालच्या डेकवरची, मधली. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील अशी निवडा. बुफे किंवा पोहण्याच्या तलावाखालची नको, पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज छतातून येतो. वाचलेले पैसे स्कॅगवेच्या गाडीत घाला. तीन-चार दिवसांची मुंबई-गोव्याची सफर असेल तर दोन उठण्याच्या वेळा असल्या तरी निभावून न्या, एवढ्यासाठी खर्च नको. पण सात रात्री, घरात एक पहाटपक्षी आणि एक उशिरा उठणारं माणूस असेल, तर मी पैसे घालेन. तुम्हाला कदाचित पटणार नाही. ज्यांना पटत नाही ते बहुतेक सातला उठणाऱ्यांपैकी असतात, असा माझा अनुभव.

आणखी एक हिशेब परवा सहज मांडून बघितला. जहाजाचं भाडं एका केबिनमध्ये दोन माणसं धरून असतं. एकट्याने घेतली तर बहुतेक वेळा दोघांचे पैसे भरावे लागतात. म्हणजे आतल्या केबिन दोन घेतल्या, एकेकाला एक, तरी बेरीज मिनी-स्वीटच्या आसपासच येते. दोन अंधार, दोन बाथरूम, टब नाही, हेलकावे नाहीत. हे मी हिला जरा भीत भीतच सांगितलं.

"चालेल की," ती म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली.